मिलादच्या आठवड्यातला सांबर

कमरुद्दीनचाचांनी तुम्हाला सांबराची गोष्ट सांगितली नसेल, तर तुम्ही शारजाच्या रोल्लात अजून नवे आहात असं खुशाल समजा. शिंप्याला सांगून झाली, मोबाइलवाल्या मल्याळ्याला सांगून झाली, खालच्या कॅफेटेरियात करक चहा ओतणाऱ्याला तर इतक्यांदा, की तो आता मधली वाक्यं स्वतःच पुरी करतो. एरवी हा माणूस महामितभाषी. ‘जेवलात का’ विचारलं तर मान हलवेल आणि खलास. पण सांबराचा विषय निघाला की तोंडाला कुलूप नाही.

गोष्ट अशी. चाचा वीस-बावीस वर्षं एका म्हाताऱ्या अरबाबाची, म्हणजे अरब मालकाची, गाडी चालवत होते. तीन वर्षांपूर्वी अरबाब स्कॉटलंडला शिकारीला निघाला आणि चाचांना बरोबर घेऊन गेला. गाडी चालवायला नव्हे. गोळी लागून जनावर पडलं, तर जीव जायच्या आत धावत जाऊन, बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायला विश्वासाचा माणूस हवा, आणि म्हाताऱ्याचा विश्वास दुसऱ्या कुणावर नव्हता. शिवाय चाचा मूळचे दापोलीकडचे. तरुणपणी रानात हाका घालून शिकार उठवायला सगळ्यांच्या पुढे असायचे, त्यामुळे रान त्यांना नवं नव्हतं.

“ईद-ए-मिलादच्या दुसऱ्या दिवशी,” चाचा सांगायचे, “धुकं असं, की आपला हात आपल्याला दिसेना. ओल्या गवतात पालथे पडलेले आम्ही. आणि समोरच्या उतारावरून तो ओरडला. आपला सांबर ओरडतो तसं नाही रे बाबा. अंगाखालची जमीन हलली! दुसऱ्या डोंगरावरून दुसऱ्याने जबाब दिला. मग तिसऱ्याने. माजावर आलेले नर सगळे, माद्यांसाठी भांडणारे. अरबाबाने बंदूक रोखली आणि खाली ठेवली. म्हणाला, कमर, हा गातोय तोवर कोण मारणार त्याला?”

आता ते लाल हरीण, सांबर नव्हे, हे चाचांना ठाऊक होतं. पण दापोलीच्या माणसाला एवढ्या शिंगांचं जनावर दिसलं की तो त्याला सांबरच म्हणणार, त्याला इलाज नाही. पुढच्याच वर्षी अरबाब वारला. त्याच्या मुलांनी चाचांना चांगलं वागवलं, सन्मानाने मोकळं केलं. घर बांधून तयार होतं, दापोलीला बायको वाट बघत होती. यंदा दिवाळीनंतर कायमचं परत जायचं ठरलं.

आणि इथेच त्यांचा मुलगा नोमान दिवस मोजायला लागला.

नोमान दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या, एसीचे डक्ट बनवणाऱ्या एका फॅक्टरीत प्रॉडक्शन इंजिनीअर. बायको साजिदा, मुलगी सबा, तिथेच फ्लॅट. अब्बांना त्याने शंभरदा म्हटलं असेल, आमच्याकडे राहायला या. पण अब्बा रोल्लातली, जुने दोस्त मुश्ताकचाचा यांच्याबरोबरची खोली सोडायला तयार नाहीत. “इथे मशीद जवळ आहे,” म्हणायचे. तिकडेही मशीद जवळच होती. पण बापाशी वाद घालायलासुद्धा थोडी सलगी लागते, ती नोमानकडे कुठे होती?

तो लहान असताना अब्बा घरी कॅसेट पाठवायचे. अम्मी टेपरेकॉर्डर लावायची आणि त्यातून अब्बा तासभर बोलायचे. नोमान अभ्यास कर, नोमान विहिरीवर एकटा जाऊ नकोस, नोमान इथे आज धुळीचं वादळ आलं. पोर त्या आवाजाला चिकटून झोपायचं. मग दोन वर्षांनी तो आवाजवाला माणूस रजेवर यायचा, आणि आला की गप्प. महिनाभर दोघं एकमेकांकडे बघून हसायचे, बाजारात बरोबर जायचे, आणि सुटकेस भरायची वेळ यायची. पुढे नोमान स्वतः इकडे आला तेव्हा वाटलं होतं, आता भरपाई होईल. कसली भरपाई! शारजा-दुबईच्या ट्रॅफिकमध्ये शुक्रवारचं एक जेवण, बस. त्यातही निम्मा वेळ मुश्ताकचाचा बोलणार.

म्हणून नोमानने ठरवलं, अब्बा जाण्याआधी त्यांना ती हाक एकदा परत ऐकवायची. त्यांनी जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही, याच्याकडेही मागणार नाहीत. न मागता द्यायचं. दोघांनी जायचं, बंदूक नको, नुसतं दबकत जनावराच्या जवळ जायचं. तिकडे तसंही नेतात म्हणे.

दुबईच्या करामामध्ये विभावरी म्हणून एक पुण्याच्या बाई ट्रॅव्हल एजन्सी चालवत. नोमानच्या सगळ्या फॅक्टरीची तिकिटं त्यांच्याकडे. त्यांनी विचारलं, “कधी जायचंय?”

“मिलादच्या आठवड्यात,” नोमान म्हणाला. त्याला विचारही करावा लागला नाही. तीन वर्षं ऐकलेली गोष्ट, तारीख त्यातच होती.

“अरे वा, मग पब्लिक हॉलिडेपण मिळेल. सप्टेंबरचा पहिला आठवडा!” विभावरीबाईंनी पटापट बुकिंग केलं. रजाही चुटकीसरशी मंजूर झाली, कारण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत फॅक्टरी झोपलेलीच असते. उन्हाळ्यात दुपारी बाहेर काम करायला सरकारची बंदी, त्यामुळे इमारतींची कामं मंद, त्यामुळे एसीच्या डक्टला गिऱ्हाईक कमी. ऊन कलतं न कलतं तोच सगळ्या शहराला एकदम जाग येते आणि मग नोमानला श्वास घ्यायला फुरसत नसते.

अब्बांना सांगितलं तेव्हा त्यांनी तारखा ऐकल्या, जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “तूही येणार?”

“हो. दोघं.”

“बरं,” अब्बा म्हणाले. एवढंच. पण दुसऱ्याच दिवशी जाऊन जाड तळाचे बूट घेऊन आले आणि भर ऑगस्टच्या उकाड्यात ते पायात घालून रोल्लाच्या बागेला फेऱ्या मारायला लागले. मुश्ताकचाचा लोकांना सांगत सुटले, कमरचं डोकं फिरलंय.

निघायला पंधरवडा राहिला असताना विभावरीबाईंनी नोमानला ऑफिसात बोलावलं. तिकडच्या गाइडशी व्हिडिओ कॉल होता, खाण्यापिण्याचं, हलालचं वगैरे ठरवायला. लाल गालांचा हसरा माणूस. सगळं नीट बोलून झालं आणि तो सहज म्हणाला, तुमच्या वडिलांना चढण जमेल ना? कारण नर सध्या पार माथ्यावर आहेत.

“माथ्यावर?” नोमान म्हणाला. “खाली नाही येत?”

तो माणूस प्रेमाने समजावत बसला. उन्हाळ्यात खाली माश्या फार, म्हणून नर वर वाऱ्यावर जातात, एकमेकांत गुण्यागोविंदाने राहतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला नुकती शिंगांवरची मखमल गळालेली असते. माद्यांशी देणंघेणं नाही, भांडण नाही, आवाज नाही. थंडी पडायला लागली, सप्टेंबर सरत आला, की अंगात माज चढतो. मग खाली उतरतात, माद्यांचे कळप अडवून धरतात आणि रात्रंदिवस ओरडतात. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा म्हणजे नुसता गोंधळ.

“पण माझे वडील मिलादमध्येच आले होते! त्यांनी ऐकलंय!”

गाइडला मिलाद काय कळणार? विभावरीबाईंना मात्र कळलं. त्यांनी कॅलेंडर उघडलं, तीन वर्षं मागे गेल्या आणि कपाळाला हात लावला. “अहो नोमान, त्या वर्षी मिलाद ऑक्टोबरात आला होता! तुमचे सण फिरतात ना. दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे. रमजान नाही का सरकत सरकत उन्हाळ्यातून थंडीत येत? हरीण बिचारं जागेवरच आहे, मिलाद अलीकडे सरकून आला. आमचं नवरात्र म्हटलं असतंत तर बरोबर पडलं असतं, त्याला अधिकमास सांभाळून घेतो. माझीच चूक, मीही सुट्टी बघून मोकळी झाले.”

नोमानच्या तोंडचं पाणी पळालं. लहानपणापासून रोजे धरणारा माणूस, सण सरकतो हे त्याला कुणी शिकवायला हवं होतं का? पण आपल्या रोजच्या जगण्यातली गोष्ट अशीच डोळ्यांसमोरून जाते, दिसत नाही. अब्बांचे गुडघे जिना चढताना करकरतात. ते कुठले माथ्यावर जातायत? आणि गेले तरी तिथे गप्प उभी असलेली हरणं बघायची?

“ऑक्टोबरात जागा आहे,” विभावरीबाई म्हणाल्या. “अबुधाबीचे अरुण म्हणून आहेत, अल रीम आयलंडला राहतात, बँकेत आहेत. फोटोग्राफीवाल्यांचा ग्रुप घेऊन चाललेत, त्याच जागी, त्याच गाइडकडे. एकाची जागा रिकामी आहे. काकांना अगदी घरच्यासारखं नेतील. पण मला उद्यापर्यंत सांगा.”

एकाची.

नोमानने साहेबांना, सुजीतसरांना, विचारून पाहिलं. सुजीतसर वाईट माणूस नव्हे. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, “नोमान, ऑक्टोबरमध्ये तू नाहीस तर लाइन मी चालवू? मला मशीन चालू कुठून करतात तेही माहीत नाही. सप्टेंबरमध्ये जा, महिनाभर जा, ऑक्टोबरचं नाव काढू नको, हबीबी.”

संध्याकाळी साजिदाला सगळं सांगितलं. सबा मध्येच म्हणाली, “बट डॅडी, देन दादा विल गो अलोन?”

“अलोन नाही गं, ग्रुप आहे.”

“डझ ही नो देम?”

“नो,” नोमान म्हणाला, आणि विषय बदलला.

साजिदा भांडी आवरत होती. म्हणाली, “अब्बांना विचारा तरी आधी.”

“काय विचारायचं? ते म्हणणार, तू बघ. त्यांनी कधी स्वतःचं काही सांगितलंय? आयुष्यात एका गोष्टीचं नाव घेतात तो माणूस, एका! तीच मी त्यांना अर्धवट देऊ? मी बरोबर असलो काय, नसलो काय. त्यांना सांबर ऐकायचाय, मला नाही.”

“तुम्हाला वाईट वाटतंय.”

“वाटतंयच,” नोमान म्हणाला. “मला जायचं होतं गं त्यांच्याबरोबर.” आणि हे तो बायकोला म्हणाला, बापाला म्हणायची त्याची छाती नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. जुम्याची नमाज झाली आणि नोमान रोल्लाच्या खोलीवर पोचला. मुश्ताकचाचा बांगड्याचं कालवण ढवळत होते. अब्बा खाटेवर बसून त्या नव्या बुटांना तेल लावत होते. तळ थोडा झिजलासुद्धा होता.

नोमानने फार घोळ घातला नाही. अब्बा, तारीख चुकली. मिलाद सरकला, हरणं नाही सरकली. आत्ता गेलो तर ती वर माथ्यावर, मुकी. ऑक्टोबरात ओरडतील. मला ऑक्टोबरात सुटता येत नाही, पण तुमची सोय झालीय. अरुणसाहेब म्हणून सज्जन माणूस आहे, आपला मराठीच, तो तुम्हाला नेईल-आणेल. तुम्ही नीट ऐकून या. मी एअरपोर्टला सोडतो.

अब्बांनी बूट खाली ठेवला. हात फडक्याला पुसले. 

“अब्बा? चालेल ना?”

अब्बा फडक्याने परत हात पुसायला लागले. मुश्ताकचाचांनी पळी दणकन भांड्यावर आपटली. “अरे सांग की त्याला! मूग गिळून काय बसलास? नाहीतर मी सांगतो.”

“तू तुझं कालवण बघ,” अब्बा म्हणाले.

“कालवण बघतोच आहे. महिनाभर तुझं तोंड बघतोय, ते सांगू?” मुश्ताकचाचा नोमानकडे वळले. “ज्या दिवशी तू तारीख सांगून गेलास ना, त्याच संध्याकाळी हा मला म्हणाला, मुश्ताक, पोरगा चुकलाय, सप्टेंबरात सांबर ओरडत नाही. मी म्हटलं, मग फोन कर त्याला! तर म्हणतो, नको.”

नोमान अब्बांकडे वळला. “तुम्हाला माहीत होतं?”

“थंडी होती रे तेव्हा,” अब्बा हळूच म्हणाले. “दात वाजत होते. मिलादचं नाव मी घेतो ते आठवणीपुरतं. जनावर काय चांद बघून माजावर येतं?”

नोमानला खरं तर आधी रागच आला. दोन दिवस जिवाचा आटापिटा, बाईंची धावपळ, साहेबांपुढे तोंड वेंगाडणं. “मग बोलला का नाहीत? एक शब्द! मी त्याच वेळी ऑक्टोबरचं बघितलं असतं!”

“तेच,” अब्बा म्हणाले.

“तेच म्हणजे?”

“बोललो असतो तर तू ऑक्टोबरचं तिकीट काढलं असतंस. माझं एकट्याचं.” त्यांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. “मला तुझं काम माहीत नाही होय? ऑक्टोबरात तू कधी आमच्याकडे जेवायलासुद्धा येत नाहीस.”

 नोमान तेच तिकीट काढायला निघालेला होता. फोन खिशात होता, विभावरीबाईंना फक्त हो म्हणायचं बाकी होतं.

“सांबर मी ऐकलाय,” अब्बा म्हणाले. स्वतःच्या मनातलं इतकं सलग ते त्याच्यासमोर कधी बोलले नव्हते, आणि बोलताना मान खालीच होती. “एकदा ऐकला, पुष्कळ झालं. अरबाबाबरोबर ऐकला. त्याच्याबरोबर मी वीस वर्षं राहिलो. त्याला काय आवडतं, कुठे दुखतं, रागावला की काय करतो, सगळं मला ठाऊक. तुझ्याबरोबर मी आठवडाभर तरी एका खोलीत कधी राहिलोय? तू लहान होतास तेव्हा सुट्टीला यायचो, तर तुझ्याशी काय बोलावं तेच कळायचं नाही. तू ‘तुम्ही’ म्हणायचास. अजून म्हणतोस. मी म्हटलं, आठवडा मिळतोय तर मिळू दे. वर माथ्यावर असतील तर खाली बसू. चहा पिऊ.”

कालवण रटरटत होतं. मुश्ताकचाचांनी गॅस बारीक केला आणि एकदम त्यांना खालून कोथिंबीर आणायची आठवण झाली. ओट्यावर कोथिंबिरीची जुडी होती, ती तशीच ठेवून ते जिना उतरून गेले.

नोमान खाटेवर अब्बांच्या शेजारी बसला आणि रडला. पस्तीस वर्षांचा बाप्या, पण रडला. अब्बांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात कसा ठेवायचा याचीही त्यांना सवय नव्हती, म्हणून तो जरा जडच पडला, पण त्यांनी काढला नाही.

“मला वाटलं, मी बरोबर असलो-नसलो तुम्हाला सारखंच,” नोमान म्हणाला.

“गाढव आहेस,” अब्बा म्हणाले.

मग नोमानने डोळे पुसून विभावरीबाईंना फोन लावला. सप्टेंबरचंच राहू द्या, दोघांचं.

“अहो, पण नक्की ना?” त्या म्हणाल्या. “ती ओरडणार नाहीत हं. मागाहून मला म्हणू नका. आणि वर चढायचं काय?”

“चढणार नाही. गाइडला सांगा, खाली कुठेतरी बसायला जागा बघा, आणि दुर्बीण असली तर द्या. वर दिसली तर दिसली.”

“आणि काका? त्यांना चालेल?”

“त्यांनीच सांगितलंय,” नोमान म्हणाला. बोलताना त्याला इतकं बरं वाटलं, की फोन ठेवायच्या आधी त्याने त्यांना दोनदा थँक्यू म्हटलं.

मुश्ताकचाचा हात हलवत रिकामेच वर आले. कोथिंबिरीचं कुणी विचारलं नाही. खाली वर्तमानपत्रं पसरली, ताटं मांडली. अब्बांनी नोमानच्या भातावर कालवण वाढलं, मधला जाड तुकडा शोधून त्याच्या ताटात टाकला आणि आपल्यासाठी शेपटाकडचा घेतला.  मुश्ताकचाचा काहीतरी बोलायला तोंड उघडणार होते, पण त्यांनी अब्बांकडे पाहिलं आणि घास घेतला.

अब्बांनी घसा खाकरला. पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. “मी काय म्हणतो,” ते म्हणाले, “तुझ्या त्या फॅक्टरीत तू नक्की करतोस काय रे?”

दहा वर्षं झाली होती त्या नोकरीला. नोमानने हातातला घास खाली ठेवला, उष्ट्या बोटाने वर्तमानपत्रावर एक चौकोन काढला आणि म्हणाला, “हे बघ अब्बा, हा पत्रा येतो आमच्याकडे...”